केस सरळ पायजे

गेल्या पौषात माझी बायको गेली. तिला न्हाऊ घालताना गल्लीतल्या पाच बायका आत होत्या आणि मी बाहेर पायरीवर. दार अर्धं उघडं होतं. एकीनं फणी घेतली आणि ओल्या केसांतून ओढायला लागली. मी बाहेरूनच ओरडलो, "ओढू नका! ओले केस ओढत नसतात, तुटतात!" आत फणी थांबली. मग कोणीतरी हळू म्हणालं, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलं गं."

फिरलं नव्हतं. केसांच्या बाबतीत मला जेवढं कळतं तेवढं त्या पाचही जणींना मिळून कळत नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेला परीट मी. शास्त्र मला कोणी शिकवलं नाही. पण बायकोचे केस इस्त्रीनं सरळ करायचं काम मी दहा वर्षं केलं, दर रविवारी. त्याच्या आधी एकदा जाळलेही. दोन्ही सांगतो.

तेव्हा गंगापूर रोडला बंगले नुकते उठायला लागले होते. द्राक्षाच्या बागा मोडून प्लॉट पडत होते आणि प्लॉटवर राहायला आलेल्या साहेबांना कडक इस्त्री लागायची. एका लिंबाखाली माझी टपरी. कोळशाची पितळी इस्त्री, टेबलावर कांबळं, कांबळ्यावर चादर. कापड बोटात धरलं की मी सांगायचो, हे सुती, हे टेरिकॉट, हे रेशीम, याला एवढी आच आणि याला तेवढी. माणसं मला कधी ओळखता आली नाहीत. कापड आलं.

बायको सायखेड्याची. सातवी पास, म्हणजे माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं, आणि ते ती आठवड्यातून एकदा तरी आठवण करून द्यायची. तिचे केस असे कुरळे की लाकडी फणीचे दात मोडायचे. वेणी घातली तर तासाभरात चहूबाजूंनी सुटून यायची. माझी आई म्हणायची, "डोकं हाय का बाभळीचं झुडूप?" आईला सुनेचं काहीच सरळ वाटायचं नाही, पण केस तेवढे सगळ्यांना दाखवता यायचे.

आमच्या वसाहतीजवळ एका महिला मंडळानं बालवाडी काढली. तिथं मदतनीस बाई पाहिजे होती. पोरांना आणायचं, नाकं पुसायची, उसळ शिजवायची, गोष्ट सांगायची. बायकोनं अर्ज केला. मला विचारून नाही, करून झाल्यावर सांगितलं. आमच्या घरातली कोणतीच बाई तोवर पगाराला गेलेली नव्हती. आई म्हणाली, "झिपरीच्या हातात कोण पोरं देणार हाय?" बायको चुलीकडं वळली. पण त्या दिवसापासून तिला ती नोकरी अशी पाहिजे झाली, की मला दुसरं काही ऐकायलाच मिळेना.

मंडळाचा कारकून माझ्या टपरीवर शर्ट टाकायचा. कायम तोंडात पान. एका शनिवारी शर्ट घेता घेता मान वर करून, पिंक सांभाळत तो म्हणाला, "तुमच्या मंडळींचा अर्ज बाईंनी पायला. सोमवारी बोलवलंय. केस सरळ पायजे म्हणाल्या. बाकी काय नाय." आणि गेला.

मी जसंच्या तसं घरी सांगितलं. बायकोचा चेहरा उतरला. आई आतून म्हणाली, "मी काय सांगत व्हते?"

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. बालवाडीच्या मोठ्या बाईंचे केस मी पाहिले होते. मधोमध भांग आणि दोन्ही बाजूला पाण्यासारखे चापून बसवलेले. अशा बाईला आमच्या घरातलं झुडूप कसं चालणार?

रविवारी दुपारी बायको टपरीवर आली. टपरी बंद होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. ती म्हणाली, "लोकांच्या लुगड्यांच्या चुण्या काढता ना? ह्या काढा."

"अगं, हे केस आहेत."

"मग काय झालं? साहेबाच्या पँटीपेक्षा वाईट हायेत का?"

ती बाकावर बसली, मान तिरकी करून केस टेबलावर पसरले. आणि मी जे बारा वर्षं सुती कपड्याला करत आलो होतो तेच केलं. तांब्यातून पाणी घेतलं, हातानं शिंपडलं, पंच्यात गुंडाळून थोडा वेळ दमट होऊ दिलं. सुती कापड कोरडं असेल तर चुणी जात नाही, हे कोणताही परीट झोपेत सांगेल. इस्त्री फुंकून लाल केली आणि ठेवली.

चर्र झालं. टांगेवाले घोड्याला नाल ठोकताना जसा वास येतो तसा वास आला. इस्त्री उचलली तर समोरची बट तिच्या बुडाला चिकटून वर आली. डोक्यावर राहिलं ते बोटभर, तेही राठ.

बायको ओरडली नाही. मान न वळवता म्हणाली, "किती गेले?"

"वीतभर."

"लांबीचे का रुंदीचे?"

मी इस्त्रीच्या बुडावरची बट खरवडायला लागलो. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "कसला वास रे अंगाला?" मी म्हणालो, "टेरिकॉट जळलं." आयुष्यात आईशी खोटं बोललो ते तेवढंच, आणि तेही कपड्याचं नाव घेऊन.

सोमवारी बायको डोक्यावरून घट्ट पदर घेऊन गेली. मी बाहेर सायकल धरून उभा. खिडकीतून दिसत होतं. मोठ्या बाई समोर कागद घेऊन बसलेल्या. बायकोचा पदर घसरला, तिनं सावरला, परत घसरला. बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "हे असं नाही चालणार. नीट करून या. जूनपर्यंत मी जागा ठेवते."

येताना ती सायकलच्या मागं पदर दोन्ही हातांनी धरून बसली. घराच्या कोपऱ्यावर उतरली आणि म्हणाली, "जूनला दोन महिने हायेत. तोवर शिका."

आता शिकायचं कशावर? तिच्या डोक्यावर परत हात ठेवू देईल असं नव्हतंच. त्यावर तिनंच उपाय काढला. विंचरताना निघालेले केस बायका बोटाला गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा डब्यात ठेवायच्या, गुंतवळ. गल्लीत एक बाई यायची, गुंतवळ घ्यायची आणि त्याबदली सुया, पिना, कधी एखादी फणी द्यायची. बायकोनं वर्षभराचा डबा माझ्या हातात दिला. "ह्या वर्षी पिना नकोत मला. हे घ्या."

आईनं मला गुंतवळ इस्त्रीखाली धरताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बायकोचे केस जाळतोस? करणी शिकतोस का रं?" मी म्हणालो, "नोकरी शिकतोय." तिला काही कळलं नाही, आणि तेच बरं झालं.

दोन महिन्यांत मला जे समजलं ते असं. ओला केस इस्त्रीखाली घालू नये. पाणी सुती कापडातून वाफ होऊन निघून जातं, केसात ते आतच उकळतं आणि केस फुगून फुटतो. उजेडात धरला तर मधेमधे बारीक फोड दिसतात. तेल लावलेला केस तर त्याहून वाईट, बोंबलासारखा तळून निघतो. केस शिकेकाईनं धुवावेत, उन्हात मुळापासून वाळवावेत, हाताला जराही गार लागता कामा नयेत. गुंता आधी बोटांनी, मग मोठ्या दाताच्या फणीनं, टोकाकडून वर सोडवावा. इस्त्री टेरिकॉटला लागते त्याच्याही खालची, म्हणजे कोळशावर राख चढल्यानंतरची. पाण्याचा थेंब टाकला आणि तो नाचत पळाला तर आच जास्त. जागेवर बसून हळूच सुकला तर बरोबर. केस आणि इस्त्रीच्या मधे जुन्या धोतराचा मऊ तुकडा, दुहेरी. केस एका वेळी चार बोटं रुंद आणि इतके पातळ की खालची चादर दिसली पाहिजे. मुळापासून दोन बोटं सोडून सुरू करायचं आणि थांबायचं नाही. थांबला तो जाळला. एका बटेवरून इस्त्री दुसऱ्यांदा न्यायची नाही, राहिली वाकडी तर राहिली. आणि झाल्यावर हलायचं नाही. पँटीची घडी जशी गरम असताना पडते आणि गार होताना पक्की होते, तसंच केसाचं. गार झाल्यावर मग टोकांना दोन थेंब खोबरेल. हे सगळं आठवड्यातून एकदाच.

आता लोक दुकानातून यंत्रं आणतात आणि त्याबरोबरच्या कागदावर हेच छापलेलं असतं. मी तो कागद शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला. धोतराचा तुकडा तेवढा त्यात नाही.

मे महिन्याच्या शेवटी कारकून शर्ट टाकायला आला तेव्हा म्हणाला, "तुमची लग्नपत्रिका असंल ना घरी? देऊन टाका मला." मला वाटलं, याच्या घरी लग्न असेल, नमुना पाहिजे असेल. पेटीतून काढली आणि त्याच्या शर्टात घडी घालून दिली. विसरून गेलो.

जूनच्या आधीच्या रविवारी बायको परत टेबलावर मान टाकून बसली. कानावर स्वतःचा तळहात ठेवला. म्हणाली, "कान भाजला तर चालंल, ऐकू येऊन तरी काय फायदा होतो इथं. पण केस गेला तर माहेरी जाईन."  दीड तास लागला. उठली तेव्हा, ती जळकी बट सोडली तर, केस पाठीवर सरळ पडले, कमरेच्याही खाली. ते एवढे लांब आहेत हे लग्नाला सात वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

सोमवारी मोठ्या बाईंनी समोरचे कागद पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "आता कसं सगळं सरळ झालं!" नोकरी लागली. आम्ही दोघं रस्त्यावर आलो. मग ती म्हणाली, "आता दर रविवारी."

दहा वर्षं. मधे आई गेली, कोळशाची इस्त्री जाऊन विजेची आली. तिच्या चाकावर सुती, रेशीम, लोकर असं सगळं लिहिलेलं होतं, केस लिहिलेलं नव्हतं. म्हणून रविवारपुरती मी कोळशाचीच ठेवली. गल्लीला कळायचं ते कळलंच. दूधवाला म्हणायचा, "काय परीट, मंडळींना घडी घालूनच पाठवता का?" पलीकडचे रिटायर हवालदार म्हणायचे, "नुसती इस्त्री काय करता, खळ पण घाला, ताठ चालतील." बायको टेबलावर मान टाकल्या टाकल्या उत्तर द्यायची, "हवालदारसाहेब, तुमच्या डोक्यावर काय असतं तर तुमचंबी केलं असतं."

त्या तासात ती बालवाडीतलं सगळं सांगायची. कोणतं पोर खडू खातं, कोणाला आई सोडून जाताना रडूच येत नाही. मान हलवायची नसल्यामुळे माझ्या कोणत्याही बोलण्याला तिला नाही म्हणता यायचं नाही. नवरा म्हणून माझं राज्य आठवड्यातून तेवढंच, पण ते मी दहा वर्षं सांभाळलं.

बाकीचा आठवडा मात्र तिचा भीतीत जायचा. मंगळवारपर्यंत केस धरायचे. बुधवारी कानाजवळ एखादा वळसा निघायचा आणि शुक्रवारी उसळीच्या वाफेनं सगळं परत जागेवर. मग घट्ट अंबाडा, वर रुमाल, रुमालावर पदर. मोठ्या बाई जवळ आल्या की ही पाठमोरी होऊन डबे लावायची. पावसाळ्यात तर तिला आठवड्याचा एकच दिवस मिळायचा. "बाईंनी बघितलं तर काढतील," हे वाक्य मी इतकं ऐकलं की मलाच बाईंचा राग यायचा. कामाला वाघ असलेली बाई, आणि तिला काढायचं तर केसांवरून!

मग त्या मोठ्या बाई रिटायर व्हायच्या झाल्या. शनिवारी बालवाडीत कार्यक्रम होता. मी स्टेजचे पडदे इस्त्री करून घेऊन गेलो होतो. बायको पहाटेपासून चुलीवर, दोनशे पोरांच्या आईबापांची उसळ. वाफेनं रुमाल भिजला, अंबाडा सुटला आणि केस असे उठले की तिच्या डोक्यामागची खिडकी दिसेना. तेवढ्यात स्टेजवरून बाई म्हणाल्या, "जाण्याआधी मला एका बाईंचा सत्कार करायचाय. आमच्या मावशी कुठंयत?"

मावशी कोठीच्या खोलीत, आतून कडी लावून.

मी दाराशी गेलो. "अगं, बोलवतायत."

"ह्या डोक्यानं? सगळ्यांदेखत काढून टाकतील मला."

"सत्काराला बोलवतायत, काढायला नाही."

"आधी बघतील, मग ठरवतील."

मग मोठ्या बाई स्वतःच आल्या. शाल हातात. "मावशी, उघडा बरं दार. काय झालं?"

आतून आवाज आला, "बाई, केस…"

"केस? कसली केस?"

"सरळ नाहीत आज."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना? नोकरीला घेताना. केस सरळ पायजे म्हणून. कारकुनाकडून निरोप आला होता."

 बाई दाराबाहेरच्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, ती केस! मावशींच्या सातवीच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि अर्जावर सासरचं. दोन्ही एकच बाई कशावरून? म्हणून मी म्हटलं होतं, नोकरीला घ्यायचं तर केस सरळ पाहिजे. कागद नीट करून या म्हटलं तर यांनी काहीच आणलं नाही. शेवटी कारकुनालाच सांगितलं, लग्नपत्रिका तरी मागून घे!"

कडी वाजली. दार उघडलं. बायको उंबऱ्यात उभी, डोक्याभोवती ते सगळं रान. ती बाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"दहा वर्षं," ती म्हणाली.

मग शाल बाईंच्या हातातून घेतली, स्वतःच खांद्यावर टाकली आणि तशीच स्टेजवर गेली. पुढं बसलेल्या पोरांतून एक पोरगी ओरडली, "मावशीच्या डोक्यावर कुरडया!" सगळी पोरं हसली. बायकोही हसली. लोकांसमोर दात दाखवून हसताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाली उतरली तर पोरांनी तिला घेरलं आणि एकेक कुरळी बट ओढून सोडायला लागली. ती पण वाकून उभी.

घरी आल्यावर मात्र चौकशी बसली.

"तो मेला नक्की काय म्हणाला होता? आठवून सांगा."

"केस सरळ पायजे."

"'पायजे' का 'पायजेत'? एक केस असंल तर पायजे, डोक्यावरचे असतील तर पायजेत!"

"त्याच्या तोंडात पान होतं. आणि आपल्यात पायजेत कोण म्हणतं?"

"सातवी पास मी, आणि निरोप आणायला चौथीवाला! एका 'त'पायी माझी बट गेली."

"बट परत आली ना. नोकरी पण लागली."

"नोकरी पत्रिकेनं लागली! तुमच्या इस्त्रीनं नाही लागली." हे म्हणताना तिचा आवाज असा वर गेला की मला राग यायला पाहिजे होता. पण मी बघत होतो, ती किती दिवसांनी पदर न घेता घरात फिरत होती. नोकरी आपली आहे, कोणी काढणार नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं होतं. दहा वर्षं तिला वाटत होतं ती माझ्या टेबलावर ठेवलेली आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सवयीनं कोळसे पेटवले. राख चढू दिली. धोतराचा तुकडा झटकला, पाण्याचा थेंब टाकला. जागेवर बसून सुकला. ती रस्त्यापलीकडच्या ओट्यावर केस मोकळे सोडून उन्हात बसली होती, पाय पसरून, शेंगा फोडत. मी हाक मारली, "अगं, निखारे विझतील."

"विझू द्या."

"एकदा पेटवलेत तर…"

"सोमवारी मी अशीच जाणार." शेंग तोंडात टाकली आणि माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "एवढाच कोळशाचा कळवळा असंल तर अंगातला शर्ट काढा आणि त्याला करा. गावाला इस्त्री करणारा माणूस, आणि दहा वर्षं चुरगळलेलं घालून हिंडतोय."

मी खाली पाहिलं. खरं होतं.

शर्ट काढला, पाणी मारलं, इस्त्री केली. कॉलर, बाह्या, मग पाठ. सुती होता, थोडी आच कमी पडली, पण बसला. घातला आणि बाकावर बसलो. ती उन्हात गुणगुणत होती, केस वाळत होते आणि वाळता वाळता आपापले वळत होते. आमच्यामधे रस्त्याएवढं अंतर होतं. त्या रविवारी मात्र, आठवडाभर बालवाडीत काय झालं, कोण पोर काय म्हणालं, ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायची सवय नव्हती, ती आपणहूनच सांगायची. कडक शर्ट घालून मी संध्याकाळपर्यंत तसाच बसलो, चुणी पडू नये म्हणून पाठ न टेकता.